पोकलेन, जेसीबी आणि ब्रेकरचं हायड्रॉलिक काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: ‘मशीन लोड घेत नाहीये, पंप गेला वाटतं.’ फोन कधी सारूळच्या खाणीतून असतो, कधी सिन्नरच्या प्लॉटिंगवरून, कधी दिंडोरीकडच्या शेततळ्यावरून. पंप, म्हणजे तेल दाबाने ढकलून मशीनच्या हालचाली करणारा भाग, कधी कधी खरंच गेलेला असतो. पण तिथवर पोचण्याआधी तपासायच्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या साईटवरच तपासता येतात. मालक, ऑपरेटर आणि फिटर मंडळी नेहमी जे विचारतात ते इथे एका ठिकाणी दिलं आहे. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात. इथला आकडा आणि तुमच्या मशीनची पुस्तिका जुळली नाही तर पुस्तिकेचं ऐका.

मशीन लोड घेत नाही. पंप उतरवायचा का?

आधी इंजिन दबतंय का ते बघा. लोड आल्यावर इंजिनचा आवाज बसत असेल, काळा धूर येत असेल, इंजिन बंद पडायच्या बेतात येत असेल, तर दुखणं डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, टर्बो अशा ठिकाणी असू शकतं. इंजिन मजेत फिरतंय आणि बकेट मात्र मातीत रुतून उभी आहे, असं असेल तर हायड्रॉलिककडे वळा.

मग सगळंच मंद आहे की एखादीच हालचाल, ते बघायचं. फक्त बकेट मंद असेल तर बकेटचा जॅक (तेलाच्या दाबाने रॉड आत-बाहेर करणारा सिलिंडर), त्याचा पोर्ट रिलीफ (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह), त्याचा स्पूल (तेलाची वाट उघडणारा सरकता दांडा) एवढ्यावर शोध थांबतो. बूम (मशीनचा मुख्य हात), आर्म (त्यापुढचा, बकेटकडचा हात), स्विंग (वरचा भाग फिरणं), चाल असं सगळंच मेलेलं असेल तर टाकीतलं तेल, सक्शन (पंप तेल ओढतो ती लाईन), पायलट प्रेशर (स्पूल हलवणारा कमी दाब), मेन रिलीफ (सगळ्या मशीनचा जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) या क्रमाने जायचं. पोकलेनला बहुतेक दोन मेन पंप असतात. कुठला पंप कुठल्या हालचालीला तेल देतो हे सर्किटच्या नकाशात असतं. एकाच पंपावरच्या हालचाली मंद निघाल्या तर संशय त्या पंपावर.

त्यानंतर गेज (दाब मोजणारं मीटर) लावायचा. तेल साधारण ५० अंशांपर्यंत गरम करून घ्या, थंड तेलावरचं रीडिंग फसवतं. वीस-बावीस टनी पोकलेनचं मेन प्रेशर साधारण ३४० ते ३५० बार असतं, बॅकहो लोडरचं (पुढे-मागे बकेट असलेल्या जेसीबीचं) २१० ते २५० च्या घरात, पायलटचं ३५ ते ४०. पायलट २० वर उतरलं असेल तर स्पूल पूर्ण उघडत नाहीत आणि अख्खं मशीन लुळं पडतं. अशा मशीनचा मेन पंप उतरवून, खोलून, किट टाकून पुन्हा चढवला तरी दुखणं जागच्या जागी राहतं, बिल तेवढं होतं. पायलटचा फिल्टर किंवा रिलीफ बदलून कामाला लागलेली मशीनं आम्ही कितीतरी पाहिली आहेत.

रिलीफ अर्धा आटा आवळला की मशीन जोर धरतं, असं ऑपरेटर म्हणतो.

धरतं, काही दिवस. मग एखादा होज पाईप फुटतो, नंतर जॅकचं सील जातं, आणि वर्षभरात बूमच्या वेल्डिंगला तडा दिसतो. रिलीफने फक्त प्रेशरची वरची मर्यादा ठरते. पंप झिजला असेल तर तेल आतल्या आत निसटत असतं, ते रिलीफ आवळून परत येत नाही. गेज न लावता रिलीफला पाना लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम आहे आणि त्याबद्दल आम्ही वाद घालत नाही.

सकाळी मशीन छान चालतं, दुपारी मंद होतं. का?

तेल गरम झालं की पातळ होतं. ४६ ग्रेडचं (ग्रेड म्हणजे दाटपणाचा आकडा) तेल ४० अंशांला जेवढं दाट असतं त्याच्या साधारण चौथाईवर ते ८० अंशांला येतं. पंप, मोटर (तेलाच्या दाबावर फिरणारी), स्पूल यांच्यात झीज झाली असेल तर सकाळचं दाट तेल ती झाकून ठेवतं आणि दुपारचं पातळ तेल उघडी पाडतं. म्हणून ‘गरम झाल्यावर मंद’ ही तक्रार आली की दोन प्रश्न वेगळे करायचे: तेल नको इतकं गरम होतंय का, आणि गरम तेलावर कोणता भाग तेल सोडतोय?

तेलाचं तापमान ८० च्या पुढे सतत राहत असेल तर सीलं कडक व्हायला लागतात आणि तेलही लवकर मरतं. पहिलं कारण बहुतेक वेळा कूलर. खाणीत आणि क्रशरवर चालणाऱ्या मशीनच्या कूलरच्या जाळीत धूळ आणि तेलाचा असा लपका बसतो की हवा आरपार जातच नाही. हवा मारायची ती पंख्याच्या हवेच्या उलट दिशेने, आणि बेताच्या दाबाने, नाहीतर पत्र्याच्या पापण्या वाकून जाळी कायमची बंद होते. रेडिएटर आणि कूलर यांच्यामधली फट उघडून साफ करा. बाहेरून चकचकीत दिसणारा कूलर आतून गच्च असतो.

कूलर साफ असूनही तेल तापत असेल तर लांबून तापमान मोजणारी लेझरची गन घ्या आणि व्हॉल्व्ह ब्लॉकवर एकेक रिलीफ मोजत जा. बाकीच्यांपेक्षा एखादा खूप जास्त तापलेला आढळला तर तिथून तेल सतत टाकीत परत जातंय. ऑपरेटरची सवयही पाहा. दगड निघत नसताना लिव्हर दाबून धरणं म्हणजे इंजिनची सगळी ताकद तेल तापवण्यात घालवणं.

हायड्रॉलिक तेल किती तासांनी बदलायचं?

साधं खनिज तेल बहुतेक २००० तास, दीर्घ मुदतीचं तेल कंपनीप्रमाणे ४००० ते ५००० तास. रिटर्न फिल्टर (टाकीत परत येणारं तेल गाळणारा) साधारण १००० तासांवर, नव्या मशीनचा पहिला बदल त्याच्या पुष्कळ आधी.

ब्रेकरचं (बकेटच्या जागी दगड फोडणारा हातोडा लावलेलं) मशीन असेल तर हे आकडे विसरा. सतत ब्रेकर चालत असेल तर काही कंपन्यांच्या पुस्तिकेत तेल ६०० तासांवर आणि रिटर्न फिल्टर १०० तासांवर बदलायला सांगितलेलं असतं. आपल्याकडचा काळा पाषाण फोडणारं पोकलेन आणि मुरूम भरणारं पोकलेन यांना एकच वेळापत्रक लावायचं, हे नाशिक परिसरात पंप जाण्याचं मोठं कारण आहे, असं आमचं मत आहे.

४६ घालायचं की ६८?

पुस्तिकेत असेल ते. दोन्ही चालतं असं लिहिलं असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात सतत लोडवर चालणाऱ्या मशीनला लोक ६८ घालतात. पण निफाडच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे ते इतकं दाट होतं की पंपाला ओढायला जड जातं. तेव्हा इंजिन हळू ठेवून, रिकामे जॅक पाच-दहा मिनिटं मागेपुढे करून मगच कामाला लावा. दोन वेगळ्या कंपन्यांची तेलं मिसळू नका, ग्रेड एक असला तरी आतली रसायनं जुळतीलच असं नाही. इंजिन ऑइल घालायचं तर पुस्तिकेत तो ग्रेड लिहिलेला असेल तरच.

बॅरल सीलबंद आहे. मग नवं तेल गाळायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त हसून विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

पिस्टन पंपाच्या आत पिस्टन आणि तो ज्यात सरकतो तो ब्लॉक यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते, दहाच्या अलीकडे-पलीकडे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, आणि ४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण उघड्या डोळ्यांना दिसतच नाही. म्हणजे पंपाला मारणारी घाण दिसणारी नसतेच. तेल बोटावर घेऊन ‘स्वच्छ आहे’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

तेलाची स्वच्छता मोजायला आयएसओ ४४०६ हे मानक आहे. त्यात तीन आकडे असतात: एक मिलिलिटर तेलात ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती. पिस्टन पंपासाठी १८/१६/१३ च्या आसपास तेल असावं अशी अपेक्षा असते. यातला १८ म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १३०० ते २५०० कण. आकडा एकने वाढला की कण दुप्पट. बॅरलमधलं नवं तेल पुष्कळदा यापेक्षा दोन-तीन आकडे वर असतं, म्हणजे चार ते आठ पट घाण. त्यात आपण ते कापलेल्या कॅनमधून, उघड्या नरसाळ्याने, क्रशरच्या धुळीत ओततो.

उपाय फार महाग नाही. फिल्टर लावलेला हातपंप किंवा छोटी फिल्टर ट्रॉली घ्या आणि तेल तिच्यातूनच टाकीत जाऊ द्या. बॅरल उभं आणि उघड्यावर ठेवू नका. झाकणावर पावसाचं पाणी साचतं, दिवसा बॅरल तापतं, रात्री गार होतं, आणि गार होताना बुचाच्या आट्यांमधून ते पाणी आत ओढलं जातं. आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असं. टाकीचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचं तोंड) हाही फिल्टरच आहे. तो हरवला म्हणून फडका कोंबलेली मशीनं आजही दिसतात.

फिल्टर बदलला. जुना फेकून द्यायचा ना?

आधी कापायचा. हॅक्सॉ नको, त्याचाच भुगा आत पडतो. फिल्टर कटर वापरा. आतला कागद पट्टीसारखा उलगडून पांढऱ्या कपड्यावर पिळा आणि उन्हात धरा. काळी चिकट घाण म्हणजे जळालेलं तेल किंवा रबर. लोहचुंबकाला चिकटणारी चमकी म्हणजे पोलाद, बेअरिंग किंवा गिअरकडून आलेलं. सोनेरी, चुंबकाला न चिकटणारे पापुद्रे दिसले तर मशीन तिथेच बंद करा. ते पिस्टनच्या शूजचं (टोकाच्या घसरत्या तुकड्यांचं) किंवा व्हॉल्व्ह प्लेटच्या (तेल आत-बाहेर वळवणाऱ्या चकतीच्या) बाजूचं पितळ-कांसं आहे, म्हणजे पंप किंवा मोटर आतून खायला लागली आहे. त्या टप्प्यावर उतरवली तर बहुतेक वेळा दुरुस्त होते, महिनाभराने नाही.

मोठ्या ताफ्याला तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवणं परवडतं. नमुना मशीन चालू-गरम असताना घ्यायचा, टाकीच्या तळातून नव्हे. अहवालात सिलिकॉन वाढलं असेल तर बाहेरची धूळ, तांबं वाढलं तर शूज, क्रोमियम वाढलं तर रॉडकडे बघायचं.

पंप गेला, नवा बसवला, तो पण महिन्यात गेला. पंप डुप्लिकेट होता का?

असू शकतो. पण आमच्याकडे येणाऱ्या अशा केसमध्ये पंप चांगला आणि बाकीची सिस्टिम घाण, हेच जास्त दिसतं.

पंप फुटतो तेव्हा त्याचा चुरा तेलाबरोबर सगळीकडे जातो: व्हॉल्व्ह, जॅक, कूलर, पाईप, टाकीचा तळ. टाकीतलं तेल बदललं आणि नवा पंप लावला की जॅकमध्ये राहिलेलं तेल पहिल्याच फेऱ्यांत चुरा घेऊन परत येतं. त्यामुळे टाकी उघडून आतून पुसायची, चिंधीने नाही तर धागे न सुटणाऱ्या कपड्याने. सक्शनची जाळी आणि सगळे फिल्टर नवे. जॅक एकेक करून रिकामे करायचे. पाईप सोडून धुवायचे. कूलर ही सगळ्यात अवघड जागा, त्याच्या बारीक नळ्यांतला चुरा पूर्ण निघेल याची खात्री नसते. मोठा चुरा झाला असेल तर कूलर बदला असं आम्ही सांगतो आणि मालक नाराज होतात. त्यानंतर साधारण ५० तासांवर रिटर्न फिल्टर पुन्हा काढून कापून बघायचा.

दुसरं कारण याहून साधं. नव्या पंपाच्या केसमध्ये (बाहेरच्या कवचात) तेल भरलेलंच नसतं. पिस्टन पंप कोरडा फिरला तर काही सेकंदांत शूज आणि प्लेट ओरखडले जातात. ड्रेनच्या पोर्टमधून केस काठोकाठ भरा, सक्शनची हवा काढा, इंजिन सर्वांत कमी वेगावर ठेवून लिव्हरला हात न लावता काही मिनिटं चालू द्या. पंप का गेला हे न शोधता नवा बसवणाऱ्या मिस्त्रीला वॉरंटीचं विचारू नका, तो देऊच शकत नाही.

बूम उभा करून ठेवला की हळूहळू खाली येतो. जॅकचं सील गेलं ना?

लगेच तसं म्हणू नका. इथे बऱ्याच फिटरांचा घोटाळा होतो.

बूमच्या जॅकवर भार रॉड आत ढकलतो. रॉड आत शिरायचा तर त्याच्या आकाराएवढं तेल जॅकच्या बाहेर पडलंच पाहिजे. जॅकची दोन्ही तोंडं पक्की बंद असतील तर पिस्टनचं सील पार गेलं तरी तेल फक्त एका बाजूने दुसरीकडे जाईल, बाहेर जाणार नाही, आणि रॉड जवळपास तिथेच राहील. म्हणजे बूम उतरतोय याचा अर्थ व्हॉल्व्हच्या बाजूने तेल कुठेतरी सुटतंय. तळाच्या बाजूला बूम होल्डिंग व्हॉल्व्ह असतो, त्याच्या सीटवर कचरा अडकला की बूम उतरतो. सीलही गेलं असेल तर दाब रॉडच्या बाजूला पोचतो. तिथे होल्डिंग व्हॉल्व्ह नसतो, आणि तेल स्पूलच्या फटीतून निसटतं. आर्मचं उलट आहे. लांब केलेला आर्म भाराने रॉडला बाहेर ओढतो, तिथे सील गेलं की आर्म सरळ लटकतो.

खात्री करायची पद्धत बकेटच्या जॅकवर सांगतो. बकेट जमिनीला टेकवून जॅक पूर्ण उघडा, इंजिन बंद, प्रेशर सोडा. रॉडच्या बाजूचा पाईप काढा, पाईपच्या तोंडाला पक्कं बूच मारा. मग इंजिन हळू चालवून लिव्हर त्याच दिशेला, म्हणजे जॅक उघडायच्या दिशेला, दाबून धरा. उलट दिशेला चुकूनही नाही. मोकळ्या पोर्टमधून सुरुवातीचं थोडं तेल येऊन थांबलं तर सील ठीक. धार सुरूच राहिली तर जॅक खोला. बूमच्या जॅकवर हीच तपासणी बूमला लोखंडी आधार दिल्याशिवाय करायची नाही: सील गेलेलं असेल तर पाईप काढताच बूम खाली येतो.

सील किट टाकून पंधरा दिवस झाले नाहीत, परत गळायला लागलं.

बहुतेक वेळा किट दोषी नसतं. रॉडवर नख फिरवा. नख अडकलं तर ती जागा प्रत्येक फेरीला नवं सील कापते आहे. रॉड सरळ आहे का ते व्ही-ब्लॉकवर डायल लावून बघा. ग्लँडमधल्या (रॉड बाहेर येतो त्या तोंडावरच्या टोपीतल्या) वेअर रिंग झिजल्या असतील तर रॉड एका बाजूला दाबतो आणि सील एकाच कडेने खातो.

मग बसवण्याच्या चुका. यू आकाराच्या सीलची ओठाची बाजू दाबाकडे. बॅकअप रिंग (आधाराची कडक रिंग) ओ-रिंगच्या मागे, दाबाच्या विरुद्ध बाजूला. पिस्टनची कडक रिंग गरम तेलात सोडून मऊ करायची, स्क्रू ड्रायव्हरने ओढायची नाही. ग्लँड आट्यांवरून सरकवताना आट्यांना पातळ पत्रा गुंडाळा, नाहीतर सीलचा ओठ तिथेच कापला जातो आणि तो कट बाहेरून दिसत नाही.

रॉडला खड्डे पडले आहेत. नवा घ्यायचा की क्रोम मारायचा?

एखादा उंचवटा असेल तर बारीक ऑइलस्टोनने उतरवा आणि काम करा. गंजाचे खड्डे असतील तर जुनं क्रोम काढून, ग्राइंडिंग करून, हार्ड क्रोम पुन्हा चढवून मापावर आणता येतं. हा थर साधारण २० ते ५० मायक्रॉनचा असतो. अंबड-सातपूरकडे हे जॉबवर्क होतं, त्यासाठी पुण्या-मुंबईला पाठवायची गरज सहसा पडत नाही. वाकलेला रॉड प्रेसवर सरळ करून घेतलेला आम्हाला आवडत नाही, पुन्हा त्याच जागी वाकतो. सिलिंडरच्या नळीत आतून चरे असतील तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) होतं, पण चरा खोल असेल आणि नळी मापाबाहेर गेली तर मूळ मापाचं सील पकडत नाही. तेव्हा नळी बदलणंच स्वस्त पडतं.

२०२७ च्या सिंहस्थाच्या कामांवर असलेल्यांनी काँक्रीटकडे लक्ष ठेवा. रॉडवर वाळलेला सिमेंटचा थेंब डस्ट सीलला रंध्यासारखा खातो. ओला असतानाच पुसा.

होज पाईप फुटला. साईटवर लगेच बनवून मिळतो, चालेल का?

चालेल, तीन गोष्टी पाहिल्या तर.

एक, पाईपची जात. पंपाकडून येणाऱ्या जास्त दाबाच्या लाईनला चार थरांच्या स्पायरल तारेचा पाईप लागतो. दोन जाळ्यांचा आर२ पाईप कमी दाबाच्या लाईनसाठी आहे. जाडी सारखी दिसली म्हणून एकाच्या जागी दुसरा लावायचा नाही. पाईपच्या अंगावर छापलेल्या पट्टीवर दाब आणि बनवल्याची तारीख असते, ती वाचा.

दोन, फिटिंग. बीएसपी जातीच्या फिटिंगचा कोन ६० अंशांचा आणि जेआयसी जातीचा ३७ चा. काही मापांत आटे थोडे जुळतात आणि नट चढतो, पण कोन बसत नाही. मग गळती थांबेना म्हणून आवळत राहतात आणि फिटिंग चिरते.

तीन, आणि याकडे कोणीच बघत नाही: पाईप ग्राइंडरने कापला की आत रबराची आणि तारेची काळी पूड बसते. कापलेल्या पाईपमधून फोमची गोळी हवेने सोडा. दुसऱ्या टोकाने ती कशी काळीकुट्ट बाहेर येते ते एकदा समोर उभं राहून बघाच. ती गोळी मारली नाही तर ती सगळी पूड व्हॉल्व्हमध्ये गेली असती. बसवताना छापील पट्टी सरळ रेषेत दिसली पाहिजे, पिळलेली दिसली तर पाईप पिळलाय. थोडी ढील ठेवा, दाबाखाली पाईपची लांबी किंचित बदलते.

बारीक गळती कुठून आहे ते हात फिरवून शोधतो. धोका आहे का?

हात फिरवू नका. कधीच नाही, हातमोजे घालूनसुद्धा नाही. सुईएवढ्या छिद्रातून २००-३०० बारने निघालेली धार कातडीतून आरपार आत जाते. सुरुवातीला मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि माणूस काम करत राहतो. काही तासांत हात सुजून काळा पडतो आणि बोट किंवा हात कापण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरगुती उपाय, चोळणं, शेकणं काही नको. १०८ ला फोन करा किंवा थेट हाताची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात जा, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: ‘प्रेशरचं हायड्रॉलिक तेल कातडीच्या आत गेलंय.’ छोटी जखम समजून पट्टी बांधून घरी पाठवलं जाण्याची भीती असते.

गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा किंवा लाकडी पट्टी लांबून फिरवा.

पाईप सोडण्याआधी बकेट जमिनीवर, इंजिन बंद, चावी चालू ठेवून सगळे लिव्हर सगळ्या दिशांना काही वेळा हलवायचे, मग टाकीच्या ब्रीदरवरून हवा सोडायची. पोकलेनच्या टाकीत हवेचा दाब धरलेला असतो, झाकण एकदम उघडलं तर गरम तेल तोंडावर येतं.

ब्रेकर जोर मारत नाही. गॅस भरायचा?

आधी मशीनचा फ्लो आणि प्रेशर ब्रेकरच्या मागणीइतकं येतंय का ते पाहा. रिटर्नच्या लाईनमध्ये अडथळा असला तरी घाव हलका पडतो. मग छिन्नीची बुश (छिन्नीला धरणारी कडी) झिजली आहे का ते, आणि नंतर गॅस. बॅकहेडमध्ये (ब्रेकरच्या वरच्या गॅसच्या कप्प्यात) फक्त नायट्रोजन भरायचा, कंपनीने दिलेल्या दाबाने. ऑक्सिजनचं सिलिंडर वेल्डरकडे सहज मिळतं म्हणून कोणी तसं सुचवलं तर त्याला साईटवरून घालवून द्या. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

ग्रीस मारताना छिन्नी दगडावर टेकवून आत दाबलेली हवी, नाहीतर ग्रीस पिस्टनखाली जाऊन बसतं. दगड फुटल्यावरही ट्रिगर दाबून ठेवायचा नाही. रिकाम्या घावांनी बोल्ट तुटतात.

पोकलेन सरळ चालवलं तरी एका बाजूला जातं.

चेन दोन्हीकडे सारखी ताणलेली आहे का ते बघा. मग दोन्ही पंपांचे आउटलेट पाईप आपसात बदला. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर पंप, त्याच बाजूला राहिला तर त्या बाजूची ट्रॅव्हल मोटर, व्हॉल्व्ह किंवा मधला सेंटर जॉइंट (फिरत्या वरच्या भागातून खाली तेल नेणारा जोड). मोटरच्या ड्रेन लाईनमधून एका मिनिटात किती तेल येतं ते मापाच्या भांड्यात मोजलं की मोटरचा निकाल लागतो.

तेल दुधासारखं झालंय.

पाणी आहे. तव्यावर एक थेंब टाका, तडतडला की खात्री. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात उभ्या मशीनला हे नेहमीचंच. टाकीच्या तळाचा ड्रेन रात्रभर उभ्या मशीनवर सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी उघडा, साचलेलं पाणी आधी येईल. सगळं तेल दुधाळ असेल तर बदलण्याला पर्याय नाही. कुठून शिरलं तेही शोधा: ब्रीदर, झाकणाची ओ-रिंग, रॉडचं डस्ट सील.

फेस दिसत असेल तर ती हवा आहे, पाणी नव्हे. काही तास उभं ठेवलं की फेस बसतो, दूध बसत नाही. हवा असेल तर सक्शनचे क्लॅम्प तपासा.

पावसाळ्यात मशीन चार महिने उभंच असतं. काय करायचं?

जॅक शक्य तेवढे आत घेऊन उभं करा. जे रॉड उघडे राहतात त्यांना ग्रीसचा थर द्या. पंधरा-वीस दिवसांनी एकदा सुरू करून, ग्रीस पुसून, सगळ्या हालचाली करा आणि पुन्हा ग्रीस लावा. सील किट, पंपाचं काम काढायचं तर याच दिवसांत काढा. दसऱ्यानंतर सगळ्यांचीच मशीनं निघतात आणि प्रत्येकाला उद्या हवं असतं.

दसऱ्याचंही सांगून ठेवतो. पूजेआधी प्रेशर वॉशरने मशीन धुताना फवारा ब्रीदरवर, रॉडच्या सीलवर आणि वायरिंगच्या जोडांवर थेट मारू नका. हार घातलेली मशीनं तिसऱ्या दिवशी पाणी शिरलं म्हणून आमच्याकडे येतात.

ओरिजिनल, बाजारातला की रिबिल्ट पंप?

मशीनचं वय आणि पुढचं काम यावर ठरवा. चार-पाच वर्षं सलग चालवायचं असेल तर ओरिजिनल. जुन्या मशीनला नीट केलेला रिबिल्ट चालतो. ‘नीट’ म्हणजे जुने झिजलेले भाग समोर दाखवले, व्हॉल्व्ह प्लेट आणि ब्लॉक लॅपिंग (घासून सपाट) केले, आणि टेस्ट बेंचवर फ्लो-प्रेशरचं रीडिंग लिहून दिलं. रंग मारून दिलेला पंप हा रिबिल्ट नसतो. स्वस्त बाजारी पंपांत काही चांगले निघतात, पण कुठला निघेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून आम्ही ते सुचवत नाही.

कुठलं काम साईटवर, कुठलं वर्कशॉपमध्ये?

गेज तपासणी, पाईप, फिल्टर, जॅक उतरवणं साईटवर. पंप, मोटर, मेन व्हॉल्व्ह फक्त बंद खोलीत. खाणीत ताडपत्री अंथरून पंप खोलणारे आहेत, त्यांना थांबवा.

काढलेलं जुनं तेल काय करायचं?

वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं आणि ते अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं असतं. नाल्यात सोडलं तर शेवटी गोदावरीतच जातं. लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून शेतकरी मागायला येतात, देऊ नका, द्राक्षबागेच्या मातीत ते उतरतं. झाकणाच्या वेगळ्या बॅरलमध्ये साठवा, त्यात डिझेल किंवा कूलंट मिसळू नका, आणि दिल्याची पावती जपून ठेवा.

वर्कशॉपला भाग पाठवताना सोबत काय द्यायचं?

मशीनचं मॉडेल आणि सिरियल नंबर, तास, पंपाच्या प्लेटचा फोटो, शेवटचं तेल कधी आणि कुठलं घातलं ते, आणि कापलेला जुना फिल्टर पिशवीत. पंपाची सगळी तोंडं प्लास्टिकच्या बुचांनी बंद करा. फडके कोंबून पाठवू नका. ऑपरेटरचा नंबरही द्या, कारण मशीन नेमकं केव्हापासून आणि कसं बिघडत गेलं ते मालकापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.